शुगर वाढली, पण हातापायातलं बळ का गेलं? डायबेटिसच्या इमर्जन्सीत पोटॅशियम, फॉस्फेट आणि स्नायूंचं काय होतं, समजून घ्या

घरात डायबेटिसचा पेशंट आहे. दोन दिवस उलट्या झाल्या, जेवण गेलं नाही. "पोटात काही नाही, मग इन्सुलिन कशाला?" म्हणून इंजेक्शन बंद केलं. गावातच एक सलाईन लावून घेतली. तिसऱ्या दिवशी पेशंट खाटेवरून उठेना. मांड्या ठणकतायत, हात उचलत नाही, लघवी काळ्या चहासारखी होतेय. घरचे म्हणतात अशक्तपणा आहे, शेजारी म्हणतात उन्हाळी लागली, कुणी म्हणतं लकवा मारला.

असं चित्र आपल्या भागातल्या बऱ्याच घरांत दिसू शकतं. डायबेटिस म्हटलं की आपल्याला साखरेचा आकडा, पायाची जखम, डोळे आणि किडनी एवढंच आठवतं. पण साखर एकदम हाताबाहेर गेली की शरीरातले क्षारही कोसळतात, आणि क्षार कोसळले की स्नायू. हृदय हाही स्नायूच आहे आणि श्वास घेतो तोही स्नायूंच्याच जोरावर. यातले काही त्रास क्वचित होतात, पण झाले तर वेळ फार थोडा असतो. म्हणून हा विषय साध्या भाषेत समजून घेऊ.

डायबेटिसची इमर्जन्सी म्हणजे नेमकं काय?

मुख्य प्रकार दोन.

पहिला कीटोअॅसिडोसिस. डॉक्टर लोक याला 'डीकेए' म्हणतात. शरीरात इन्सुलिन फारच कमी पडलं की रक्तात साखर भरपूर असूनही ती पेशींच्या आत जात नाही. दारात धान्याची पोती पडलेली, पण कोठाराला कुलूप, अशी गत. मग शरीर चरबी जाळायला लागतं. त्यातून कीटोन नावाची आम्लं तयार होतात आणि रक्त आंबट होतं. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात खोल श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास ही त्याची लक्षणं. हा प्रकार टाइप 1 डायबेटिसच्या मुलांत आणि तरुणांत जास्त दिसतो, पण टाइप 2 च्या पेशंटलाही होतो. काही मुलांत तर डायबेटिस आहे हे पहिल्यांदा कळतं तेच या इमर्जन्सीत. पोट दुखतं म्हणून अपेंडिक्सचा संशय येतो, धाप लागते म्हणून दम्याचा, आणि पोर बडबडायला लागलं की 'बाहेरचं काही' म्हणून भलतीकडे नेलं जातं. यात मोलाचे तास जातात.

दुसरा प्रकार 'एचएचएस'. हा बहुधा वयस्कर, टाइप 2 च्या पेशंटमध्ये होतो. साखर 600 च्या वर जाते. कीटोन फारसे नसतात, पण शरीर अक्षरशः सुकून जातं. हा प्रकार काही दिवस, कधी आठवडाभर हळूहळू वाढत जातो. म्हातारं माणूस गप्प गप्प झालं, सारखं झोपून राहतंय, एवढंच घरच्यांना दिसतं. डीकेएपेक्षा यात दगावण्याचा धोका जास्त असतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. घरच्या बऱ्याच ग्लुकोमीटरवर साखर 600 च्या पुढे गेली की आकडा येत नाही, इंग्रजीत 'एच आय' अशी दोन अक्षरं येतात. मशीन बिघडलं असं समजून पेटीत ठेवून देऊ नका. त्याचा अर्थ साखर मशीनला मोजता येत नाही इतकी वर गेली आहे. थेट दवाखाना गाठा.

साखर जाताना एकटी जात नाही

रक्तातली साखर फार वाढली की किडनी ती लघवीवाटे बाहेर टाकते. साखर पाणी ओढून नेते आणि पाण्याबरोबर क्षार जातात. शेताला जास्त पाणी सोडलं की माती वाहते आणि मातीबरोबर खतही जातं, तसंच.

डीकेए झालेल्या 60 किलोच्या माणसाच्या शरीरातून साधारण 6 लिटर पाणी कमी झालेलं असू शकतं. एचएचएसमध्ये याहूनही जास्त. या पाण्याबरोबर सोडियम, पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम हे सगळं वाहून जातं. पोटॅशियमचं सांगायचं तर अंदाजे 20 केळ्यांत जितकं असतं तितकं त्या माणसानं गमावलेलं असतं. म्हणून 20 केळी खाऊ घालायची असं मात्र नाही. का, ते पुढे बघू.

रिपोर्टमध्ये पोटॅशियम नॉर्मल, मग डॉक्टर पोटॅशियम का देतात?

हा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात. उत्तर समजून घेण्यासारखं आहे.

आपल्या शरीरातलं सुमारे 98 टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं, मुख्यतः स्नायूंमध्ये. रक्तात असतं फक्त चिमूटभर. पेशी म्हणजे विहीर आणि रक्त म्हणजे विहिरीशेजारचा छोटा हौद समजा. डीकेएमध्ये इन्सुलिन नसल्यानं विहिरीतलं पोटॅशियम हौदात येत राहतं आणि हौदातून लघवीवाटे वाहून जात राहतं. आपण तपासतो ते हौदाचं पाणी, म्हणजे रक्त. हौद भरलेला दिसतो, कधी कधी तर काठोकाठ. विहीर मात्र तळाला गेलेली असते.

आता इन्सुलिन सुरू केलं की पेशींचं दार उघडतं. साखर आत जाते आणि तिच्याबरोबर रक्तातलं पोटॅशियमही आत जातं. हौद एकदम रिकामा होतो. रक्तातलं पोटॅशियम साधारण 3.5 ते 5 च्या दरम्यान असायला हवं. ते फार खाली घसरलं की पाय गळतात, हात उचलत नाहीत, मान धरवत नाही, पोट फुगतं. त्याहून खाली गेलं तर श्वासाचे स्नायू थकतात आणि हृदयाचे ठोके बिघडतात.

म्हणूनच डॉक्टर इन्सुलिन देण्याआधी पोटॅशियम तपासतात. ते 3.5 च्या खाली असेल तर इन्सुलिन थोडं थांबवून आधी सलाईनमधून पोटॅशियम देतात. इन्सुलिन सुरू झाल्यावरही दर दोन ते चार तासांनी रक्त तपासावं लागतं. "साखर 500 आहे आणि डॉक्टर इन्सुलिन देत नाहीत, नुसतं पाणी चढवतायत, सारखं रक्त काढतायत" म्हणून काही वेळा दवाखान्यात वाद होतात. वाद घालण्याआधी शांतपणे विचारा, "पोटॅशियम किती आलंय?" बऱ्याचदा उत्तर त्यातच असतं.

आणखी एक महत्त्वाचं. "सलाईन किती हळू चाललंय" म्हणून नळीवरचं चाक नातेवाईकांनी फिरवायचं नाही, म्हणजे नाहीच. त्या बाटलीत पोटॅशियम घातलेलं असेल आणि ते जोरात गेलं तर हृदय बंद पडू शकतं. वेग ठरवणं हे डॉक्टर आणि सिस्टरचं काम. शंका असेल तर सिस्टरला हाक मारा.

मॅग्नेशियम कमी असेल तर कितीही पोटॅशियम दिलं तरी ते टिकत नाही. त्यामुळे गरज पडली तर डॉक्टर तेही तपासायला सांगतात.

फॉस्फेट: बरं वाटायला लागलं आणि पुन्हा बळ गेलं

फॉस्फेटचं नाव आपल्याला खतामुळे माहीत आहे. पिकाला जसं ते लागतं तसं आपल्या पेशींनाही लागतं. पेशी जी ऊर्जा वापरते ती फॉस्फेटशिवाय तयारच होत नाही. मोठ्या माणसाच्या रक्तात ते साधारण 2.5 ते 4.5 असतं.

डीकेएमध्ये तेही लघवीवाटे जातं आणि इन्सुलिन सुरू झाल्यावर पोटॅशियमसारखंच पेशींत शिरतं. त्यामुळे उपचार सुरू झाल्यावर, साखर खाली येत असतानाच, फॉस्फेट घसरतं. बहुतेक पेशंटमध्ये ते थोडंच घसरतं आणि जेवण सुरू झालं की आपोआप भरून येतं. म्हणून सरसकट सगळ्यांना फॉस्फेट देत नाहीत. दिल्यानं फायदा दिसलेला नाही, उलट कॅल्शियम खाली जाऊ शकतं.

पण क्वचित ते 1 च्याही खाली जातं. तेव्हा साखर सुधारलेली असूनही पेशंटला पुन्हा अशक्तपणा येतो, श्वास उथळ होतो, हृदय कमजोर पडतं, स्नायू तुटायला लागतात. ज्यांची तब्येत आधीच खालावलेली आहे, जे बरेच दिवस नीट जेवलेले नाहीत किंवा ज्यांना दारूची सवय आहे, त्यांना हा धोका जास्त. म्हणून अॅडमिट असलेल्या पेशंटनं "काल बरं होतं, आज हात उचलत नाही" असं सांगितलं तर ते लगेच राउंडच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. दारूची सवय असेल तर तीही लपवू नका.

स्नायू तुटतात तेव्हा: रॅब्डोमायोलिसिस

नाव अवघड आहे, पण गोष्ट सरळ आहे. स्नायूंच्या पेशी फुटतात आणि आतला माल रक्तात सांडतो. त्यात मायोग्लोबिन नावाचं लालसर प्रथिन असतं. ते किडनीतून गाळताना लघवी काळ्या चहासारखी किंवा कोल्ड्रिंकसारखी होते आणि किडनीच्या नळ्यांना इजा होते.

अतिश्रम, अपघातात अंग दबणं, उष्माघात, काही औषधं अशा कारणांनी हे होतं हे डॉक्टरांना चांगलं माहीत आहे. डायबेटिसच्या इमर्जन्सीतही ते होऊ शकतं, हे मात्र घरच्यांना माहीत नसतं. कारणं अशी:

- शरीरातलं पाणी आटल्यानं स्नायूंना रक्तपुरवठा कमी पडतो.
- इन्सुलिन नसल्यानं स्नायूंना साखर, म्हणजे इंधन मिळत नाही.
- पोटॅशियम कमी झालं की काम करणाऱ्या स्नायूकडे रक्त नीट पोचत नाही.
- फॉस्फेट कमी झालं की पेशीला स्वतःची भिंत सांभाळण्यापुरतीही ऊर्जा उरत नाही.
- पेशंट बेशुद्ध होऊन एकाच कुशीवर तासन् तास पडून राहिला तर दबलेला स्नायू मरतो.

कधी कधी यात दुखतही नाही, नुसता रक्ताचा रिपोर्ट बिघडतो. तपासणीचं नाव 'सीपीके' किंवा 'सीके'. एरवी हा आकडा साधारण 200 च्या आतबाहेर असतो. तो 1000 च्या पुढे गेला की डॉक्टर रॅब्डोमायोलिसिस धरून चालतात. 5000 च्या पुढे किडनीची काळजी जास्त घ्यावी लागते. लघवीच्या पट्टीवर रक्त दिसतं पण सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी दिसत नाहीत, ही या आजाराची एक जुनी खूण आहे.

इथे पोटॅशियमची गोष्ट उलटी फिरते. स्नायू फुटले की आतलं पोटॅशियम रक्तात येतं, आणि किडनी थकलेली असेल तर ते बाहेर पडत नाही. म्हणजे कालपर्यंत कमी असलेलं पोटॅशियम आज धोक्याइतकं वाढलेलं असू शकतं. कमी झालं तरी हृदयाला धोका, वाढलं तरी हृदयाला धोका. म्हणूनच घरच्या घरी केळी, शहाळं, पोटॅशियमचं औषध असा अंदाजपंचे उपाय करायचा नसतो. तपासणी आणि ईसीजी झाल्याशिवाय पोटॅशियम कोणत्या बाजूला आहे ते कळत नाही.

दिलासा देणारी गोष्ट अशी की वेळेवर भरपूर सलाईन मिळालं, क्षार सांभाळले गेले तर बहुतेकांचे स्नायू आणि किडनी दोन्ही सावरतात. काहींना थोडे दिवस डायलिसिस लागतं. डायलिसिस म्हटलं म्हणजे आयुष्यभराचं, असं इथे धरून चालू नका.

ही लक्षणं दिसली तर घरी थांबू नका

- साखर सतत 300 च्या वर आणि सोबत उलट्या किंवा पोटदुखी
- खोल, जोरजोरात श्वास, तोंडाला वेगळा वास
- सुस्ती, बडबड, माणसं न ओळखणं
- दोन्ही पायातलं बळ जाणं, बसलेलं उठता न येणं, मान धरता न येणं
- मांड्या, पोटऱ्या, कंबर, खांदे यात ठणका
- लघवी काळपट, चहासारखी किंवा एकदम कमी होणं
- छातीत धडधड, ठोके चुकल्यासारखं वाटणं

लकव्यात बहुधा शरीराची एकच बाजू जाते. पोटॅशियम घसरलं की दोन्हीकडचं बळ जातं. दोन्हीत दवाखाना लगेचच गाठायचा, पण डॉक्टरांना 'दोन्ही पाय गेले' हे नेमकं सांगितलं तर मदत होते.

आणि उन्हाळी लागली की लघवीला जळजळ होते, ती थोडी थोडी होते. जळजळ नाही, पण रंग काळा आणि अंगात ठणका, हे उन्हाळीचं लक्षण नाही.

आजारपणात घरी काय सांभाळायचं?

पहिला नियम: जेवण गेलं नाही तरी इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही. ताप, जुलाब, जखम असताना शरीराला उलट जास्त इन्सुलिन लागतं. किती घ्यायचं ते फोन करून डॉक्टरांना विचारा, पण स्वतःच्या मनानं बंद करू नका. उपवास आणि वारीच्या काळातही हेच. टाइप 1 च्या मुलांसाठी तर हा नियम जीवन-मरणाचा आहे. 1922 मध्ये माणसाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं गेलं. त्याआधी कीटोअॅसिडोसिस झालेलं मूल वाचत नसे. इन्सुलिन बंद करणं म्हणजे त्या काळात परत जाणं.

दुसरा: साखर दर चार तासांनी तपासा, वहीत वेळेसह लिहा. जमलं तर मेडिकलमधून लघवीच्या कीटोन पट्ट्या आणून ठेवा.

तिसरा: थोडं थोडं पाणी पीत राहा. जुलाब असतील तर ओआरएस चालतं. "त्यात साखर आहे" म्हणून डायबेटिसवाल्याला ते नाकारू नका. एक लिटरमध्ये साधारण साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं आणि पोटॅशियमही असतं. मात्र किडनीचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर पाणी आणि ओआरएस किती, हे डॉक्टरांना विचारूनच.

चौथा: गोळ्यांची नावं बघा. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी नावं असतील तर जास्त सावध राहा. या गोळ्या साखर लघवीवाटे काढतात, हृदयाला आणि किडनीला फायद्याच्याही आहेत. पण उलट्या, उपाशीपोटी राहणं किंवा ऑपरेशन अशा वेळी त्या चालू राहिल्या तर साखर 200 च्या आत असतानाही कीटोअॅसिडोसिस होऊ शकतो. मशीनवर आकडा चांगला दिसतो आणि सगळे गाफील राहतात. म्हणून आजारपणात ही गोळी थांबवायची का, हे डॉक्टरांना लगेच विचारा.

पाचवा: इन्सुलिन खराब झालेलं नाही ना, ते बघा. न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. फ्रीज नसेल किंवा लाइट सारखी जात असेल तर पिशवीत गुंडाळून मातीच्या माठाच्या गारव्यात ठेवा. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या घरात खिडकीशी ठेवलेल्या इन्सुलिनचा जोर जातो. डोस घेतला तरी साखर उतरत नसेल तर बाटली बदलून बघा आणि डॉक्टरांना कळवा.

या चुका टाळा

- पेशंट बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी, साखर, काहीही घालू नका. आधी साखर तपासा, ती कमीही असू शकते.
- साखर न तपासता 'ताकदीची सलाईन' लावू नका. ग्लुकोजची बाटली चढली तर आग आणखी भडकेल.
- दुखतंय म्हणून मनानं पेनकिलर घेऊ नका. आधीच दमलेल्या किडनीवर त्याचा भार पडतो.
- ठणकणाऱ्या मांड्या जोरात चोळू नका.
- कोलेस्टेरॉलच्या गोळीनं क्वचित स्नायू दुखतात हे खरं, पण ती गोळी डॉक्टरांना सांगून मगच थांबवा.

कुठे जायचं, काय सांगायचं?

प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर तपासून साधं सलाईन सुरू करता येतं. पण डीकेए किंवा एचएचएस असेल तर दर काही तासांनी पोटॅशियमची तपासणी, ईसीजी आणि रात्रंदिवस लक्ष लागतं. त्यामुळे तिथल्या डॉक्टरांनी "पुढे न्या" म्हटलं तर "उद्या सकाळी बघू" म्हणू नका. 108 ला फोन करा. रस्ता लांबचा असेल तर निघण्याआधी सलाईन लावून देता येईल का, हे विचारा. गावच्या आशाताईंना कळवलं तर गाडी आणि रुग्णालयाची माहिती लवकर मिळते. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. आधार आणि रेशनकार्ड सोबत ठेवा.

डॉक्टरांना हे पाच मुद्दे आवर्जून सांगा:

1. शेवटचं इन्सुलिन किंवा गोळी कधी घेतली, किती घेतली
2. उलट्या, जुलाब, ताप किती दिवस आहे
3. लघवीचा रंग कसा आहे, शेवटची लघवी कधी झाली
4. हातापायातलं बळ कधीपासून कमी झालं
5. किडनी, हृदय, बीपी, कोलेस्टेरॉलच्या सगळ्या गोळ्या. नावं आठवत नसतील तर पाकिटंच पिशवीत घालून न्या

साखरेचा आकडा मशीनवर दिसतो, क्षारांचा दिसत नाही. तो दिसतो गळालेल्या पायात, ठणकणाऱ्या मांडीत आणि लघवीच्या रंगात. घरातल्या माणसाच्या या गोष्टींकडे लक्ष ठेवायला पैसे लागत नाहीत. गावात, पाहुण्यांत ज्यांच्या घरी इन्सुलिन घेणारं कुणी आहे, त्यांच्यापर्यंत ही माहिती नक्की पोचवा.

(ही माहिती जनजागृतीसाठी आहे. औषधं सुरू करणं, बंद करणं किंवा डोस बदलणं हे आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावं.)